स्विचवर क्यूओएस चालू केलं, तरी फोनवर आवाज तुटतोच

वरचीवाडी

नमस्कार मंडळी. जाणकारांची मदत हवी आहे.

देवगड तालुक्यात आमचं घर आहे आणि घराला लागून पाहुण्यांसाठी चार खोल्या. खाली बागेत भाऊजींची आंबा पॅकिंगची शेड. घर ते शेड तीनेकशे मीटर असेल, मध्ये कलमं, म्हणून केबल न ओढता ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस ब्रिज लावलाय. इंटरनेट फायबरचं, घरापर्यंत येतं. डाउनलोड १०० एमबीपीएस, अपलोड मोजला तर २० च्या आसपास.

शेडमध्ये सहा कॅमेरे, एक आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारा), एक वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट. घरात एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारं यंत्र), दोन आयपी फोन आणि पाहुण्यांचं वायफाय. पेट्यांच्या ऑर्डरी अजूनही फोनवरच येतात. आणि नेमकी संध्याकाळी, गिऱ्हाइकं फोन करायच्या वेळेला, पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसतो. आम्हाला त्याचा आवाज व्यवस्थित येतो, आमचा त्याला तुटक जातो.

दोन्हीकडे मॅनेज्ड स्विच (सेटिंगं बदलता येणारे) बसवले. त्यात क्यूओएस (कुठल्या रहदारीला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सोय) ग्लोबली ऑन केलं, फोनच्या पोर्टला 'हाय' प्राधान्य दिलं. घरातल्या फोनांना काडीचा फरक नाही. शेडमधला फोन तर आधीपेक्षा वाईट झालाय! भाऊजी म्हणतात जुनं होतं ते बरं होतं. सीझन चालू आहे, त्यामुळे घाईत आहे. काय बघू?

कंदील

ताई, मूळ पोस्टमध्येच एक धागा मिळाला. तुम्हाला ऐकू येतं, त्यांना येत नाही, म्हणजे घोळ अपलोडच्या दिशेला आहे. डाउनलोडला हात लावू नका.

आज संध्याकाळी आवाज तुटत असताना तीन ठिकाणी पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजणं) लावून ठेवा: घरातल्या लॅपटॉपवरून राउटरला, घरातूनच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला, आणि शेडमधून घराला. आकडे इथे टाका. शिवाय स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टची आकडेवारी असते, त्यात कुठल्या रांगेतून पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, फेकले गेले (ड्रॉप) ते बघा. ड्रॉप शून्य असतील तर त्या पोर्टवर तुम्ही कितीही प्राधान्य द्या, उपयोग नाही.

बोंबील_फ्राय

माका एक कळणा नाय. गर्दी आसा मुंबई-गोवा हायवेर, आणि तुमी पोलीस उभो केल्यात वाडीतल्या पाणंदीत. आधी गर्दी खंय आसा ता बघा.

(अवांतर: पाच डझनाची पेटी कितीक?)

लाल_माती

बोंबीलराव, तुम्ही एका ओळीत सांगितलंत ते मी आता फोडून लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

प्राधान्य म्हणजे वेग नव्हे. स्विच पॅकेटांना रांगेत पुढे-मागे करू शकतो, पण त्यासाठी मुळात रांग लागायला हवी. पोर्टमधून जेवढं बाहेर जाऊ शकतं त्यापेक्षा जास्त आत आलं तरच रांग लागते. तुमच्या घरातल्या स्विचचे पोर्ट गिगाबिट. त्यातून राउटरकडे जाणारं सगळं मिळून ३०-४० एमबीपीएस. म्हणजे पोर्ट रिकामाच असतो, पॅकेट आला की गेला. पहिला कोण आणि दुसरा कोण हा प्रश्नच उद्भवत नाही.

रांग लागते ती पुढे, कंपनीने दिलेल्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, जिथे गिगाबिटचं एकदम २० एमबीपीएस होतं. आणि तो डबा तुमची प्राधान्यं वाचत नाही, आला तसा पाठवतो.

आता हिशोब बघा. एक फोनकॉल जी.७११ कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची पद्धत) असेल तर आवाजाचा डेटा ६४ केबीपीएस. दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, सेकंदाला ५०, त्यात आवाजाचे १६० बाइट. त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीची ४० बाइटची हेडरं (पॅकेटवरची वेष्टनं) आणि इथरनेटचं वरचं धरलं की ८७ केबीपीएस. तिन्ही फोन एका वेळी चालले तरी पाव एमबीपीएसच्या थोडं वर. २० मधले पाव! त्यामुळे जागा कमी पडते म्हणून आवाज तुटत नाही, दुसऱ्या कशाच्या तरी मागे थांबावं लागतं म्हणून तुटतो. ते दुसरं काय आहे? एनव्हीआर क्लाउडवर काही चढवतो का?

वरचीवाडी

@बोंबील_फ्राय, दरासाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. :)

@कंदील, आकडे आणले. घरातून राउटरला १ मिलिसेकंद, कायम. बाहेरच्या सर्व्हरला सकाळी २० च्या आत, संध्याकाळी सहानंतर ६५०-७००. शेडमधून घराला एरवी ३-४, पण मध्येच ८०-१०० वर उडी मारतो.

ड्रॉप म्हणाल तर दोन्ही स्विचवर शून्य.

@लाल_माती, हो. शेड बंद झाली की सहा वाजता क्लाउड बॅकअप सुरू होतो, तशी वेळ लावून दिलेली आहे. सहाही कॅमेरे, मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र), प्रत्येकी ४ एमबीपीएस.

कंदील

६ × ४ = २४. लाइन २० ची. झालं.

लाल_माती

झालंच. आणि त्या ७०० मिलिसेकंदांचा अर्थही लावू. २० एमबीपीएसच्या लाइनवर ७०० मिलिसेकंद थांबावं लागतं, म्हणजे डब्याच्या पोटात पावणेदोन एमबीची रांग साचलेली असते. याला बफरब्लोट म्हणतात. उलट, लहान स्विचमध्ये समजा अर्धा एमबी बफर (पॅकेट थांबायची जागा) आहे. तो काठोकाठ भरला तरी गिगाबिट पोर्टवरून ४ मिलिसेकंदांत रिकामा होतो. म्हणून म्हणतो, स्विचच्या आत तुम्ही कितीही खटपट केली तरी तुमची अडचण तिथे नाही. फोनसाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस सांगते. तुमचं सातशे.

उपाय दोन, आणि दोन्ही करा.

पहिला म्हणजे क्लाउडला मेन स्ट्रीम पाठवणं बंद. एनव्हीआरमध्ये मेन स्ट्रीम राहू दे, क्लाउडला सब स्ट्रीम (कमी दर्जाचं चित्र) पाठवा, ५१२ केबीपीएसची. सहा कॅमेऱ्यांचे मिळून ३ एमबीपीएस. चोरी झालीच तर चांगलं चित्र घरातल्या डिस्कवर आहेच.

दुसरा उपाय म्हणजे रांग कंपनीच्या डब्यातून ओढून आपल्या स्विचमध्ये आणायची. घरातल्या स्विचचा जो पोर्ट त्या डब्याकडे जातो, त्याला बाहेर जाणाऱ्या दिशेने मर्यादा घालायची, लाइनपेक्षा थोडी कमी. २० असेल तर १८. आता डब्याला कधीच त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त मिळणार नाही, त्याच्यात रांग साचणार नाही. साचली तर तुमच्या स्विचच्या पोर्टवर साचेल, आणि तिथे तुमचं 'हाय प्राधान्य' खरोखर कामाला लागेल. हे दोन एमबीपीएस सोडायला लोक का-कू करतात. सोडा.

नारळपाणी

वाचनखूण साठवली. आमच्या गुहागरच्या घरी हेच दुखणं आहे, फक्त कॅमेऱ्यांच्या जागी मुलाचे व्हिडिओ.

पण एक शंका. मर्यादा घालायचा पर्याय माझ्या स्विचमध्ये टक्क्यांत आहे. गिगाबिट पोर्टचा १ टक्का म्हणजे १०, २ टक्के म्हणजे २०. १८ कसे करायचे?

कंदील

पोर्टचा वेगच १०० वर बांधून टाका. मग १८ टक्के म्हणजे १८. तुमची लाइन १०० च्या वर नसेल तर त्यात नुकसान काही नाही.

मात्र मॅन्युअलमध्ये एक गोष्ट बघून घ्या. काही स्विचवर ही मर्यादा 'शेपिंग' असते, म्हणजे जास्तीचे पॅकेट रांगेत थांबतात. काहींवर 'पोलिसिंग', म्हणजे जास्तीचे थेट फेकले जातात. पोलिसिंग असेल तर रांगच लागत नाही, त्यामुळे फोनचे पॅकेटही कॅमेऱ्यांबरोबर कचऱ्यात जाऊ शकतात. येणाऱ्या दिशेची मर्यादा बहुधा पोलिसिंगच असते. आपल्याला बाहेर जाणाऱ्या दिशेची हवी.

वरचीवाडी ताई, अजून एक. पाहुण्यांचं वायफाय कंपनीच्या डब्यातूनच निघतं का? तसं असेल तर ती रहदारी तुमच्या स्विचमधून जातच नाही, आणि १८ चा हिशोब कोलमडतो. कुणी पाहुणा फोटो चढवायला लागला की पुन्हा तेच. डब्याचं वायफाय बंद करून स्विचला वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

वरचीवाडी

डब्यातूनच आहे. एक जादा अ‍ॅक्सेस पॉइंट पडून आहे, तो लावते.

पण शेडमधला फोन आधीपेक्षा वाईट का झाला, ते अजून कोणी सांगितलं नाही. तिथे तर क्लाउड सकाळी नसतोच, तरी सकाळी पण तुटतो.

कंदील

ते सांगायला मला तुमच्या शेडच्या स्विचची 'ट्रस्ट'ची सेटिंगं हवीत. पण अंदाज असा:

आयपी फोन आपल्या प्रत्येक पॅकेटच्या आयपी हेडरमध्ये एक आकडा लिहून पाठवतो. त्याला डीएससीपी म्हणतात. सहा बिट, ० ते ६३. आवाजासाठी ४६, त्याला ईएफ असं नाव आहे. स्विचवर क्यूओएस बंद असतं तेव्हा स्विच तो आकडा वाचतही नाही आणि पुसतही नाही, जसाच्या तसा पुढे जातो. तुमचा वायरलेस ब्रिज मात्र बहुतेक तो वाचत असणार. वायफायमध्ये चार वर्ग असतात: आवाज, व्हिडिओ, साधं आणि मागच्या बाकावरचं.

तुम्ही स्विचवर क्यूओएस ऑन केलं आणि अनेक स्विचवर त्या क्षणी सगळे पोर्ट 'अनट्रस्टेड' होतात. अनट्रस्टेड पोर्टवर आलेल्या पॅकेटचा डीएससीपी पुसून शून्य लिहिला जातो. सिस्कोच्या २९६० मालिकेवर तर हे प्रसिद्धच आहे: 'एमएलएस क्यूओएस' एवढी एक आज्ञा दिली की फोनांची सगळी लेबलं गळून पडतात, जोवर पोर्टवर 'ट्रस्ट डीएससीपी' लिहीत नाही तोवर. तुम्ही पोर्टला दिलेलं 'हाय' स्विचच्या पोटात चालतं, पण पॅकेट ब्रिजकडे निघताना त्यावर शून्य असतो. ब्रिजच्या दृष्टीने तो फोन आणि कॅमेरा सारखेच.

वरचीवाडी

अगदी बरोबर. सगळे पोर्ट अनट्रस्टेड दाखवतोय. मग सगळ्यांना ट्रस्ट करून टाकू?

लाल_माती

थांबा! सगळ्यांना नको. आधी कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये जा, नेटवर्कच्या पानावर क्यूओएस किंवा डीएससीपी असा रकाना असतो. तिथे काय लिहिलंय ते सांगा.

वरचीवाडी

व्हिडिओ: ४६. सहाही कॅमेऱ्यांना. बसवून देणाऱ्याने तसं करून ठेवलंय.

बोंबील_फ्राय

सगळेच व्हीआयपी. मगे रांग कित्याक लावतास!

लाल_माती

म्हणूनच ट्रस्ट हा शब्द शब्दशः घ्यायचा. ज्या यंत्राचे मालक तुम्ही आहात आणि ज्याचं लेबल तुम्ही तपासलंय, त्याचाच पोर्ट ट्रस्ट करायचा. तुमच्याकडे ते फक्त फोनचे तीन पोर्ट. शेड आणि घर यांना जोडणारे ब्रिजचे दोन्ही पोर्टही ट्रस्ट करा, नाहीतर घरात पोचल्यावर घरातला स्विच पुन्हा शून्य लिहील. कॅमेरे, पाहुण्यांचा अ‍ॅक्सेस पॉइंट, एनव्हीआर हे सगळे अनट्रस्टेडच राहू देत. कॅमेऱ्यांमधला ४६ सुद्धा काढून ० करा. उद्या कुणी चुकून पोर्ट ट्रस्ट केला तरी गोंधळ होणार नाही.

रांगांबद्दल. बहुतेक स्विचमध्ये चार किंवा आठ रांगा असतात आणि त्या चालवायच्या दोन पद्धती. स्ट्रिक्ट म्हणजे वरची रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय खालच्या रांगेकडे बघायचंच नाही. डब्ल्यूआरआर म्हणजे वजनाप्रमाणे पाळीपाळीने. आवाजाची रांग स्ट्रिक्ट ठेवा, बाकीच्या डब्ल्यूआरआर. आवाज पाव एमबीपीएस आहे तोवर स्ट्रिक्टला कुणाची हरकत नाही. पण स्ट्रिक्ट रांगेत २४ एमबीपीएसचे कॅमेरे घुसले असते तर १८ च्या मर्यादेत बाकी कुणाला काही मिळालंच नसतं, यूपीआयसुद्धा लटकलं असतं.

एनव्हीआरच्या पोर्टला डीएससीपी ८ द्या, म्हणजे सीएस१, सगळ्यात मागे. इथे एक चकवा आहे. आयपीचा डीएससीपी झाला, तसा व्हीलॅनच्या (एकाच स्विचवरचं वेगळं नेटवर्क) टॅगमध्ये तीन बिटांचा ८०२.१पी आकडा असतो, ० ते ७. त्यात १ हा शून्याच्या खाली धरतात. ० म्हणजे साधी रहदारी, १ म्हणजे सवडीची. पण काही स्वस्त स्विच शून्य आणि एक दोन्ही एकाच खालच्या रांगेत टाकतात. म्हणून मॅपचं पान उघडून ८ कुठल्या रांगेत जातो, ० कुठल्या आणि ४६ कुठल्या, एवढं डोळ्यांनी बघा. आपण मनात धरलेला मॅप आणि स्विचमधला मॅप एकच असेल असं समजू नका.

मीठाचा_खडा

उशिरा आले धाग्यावर. मंडळींनी छान लिहिलंय, पण कोकणातली एक गोष्ट राहिली.

आपल्याकडे खाऱ्या हवेने आरजे४५ च्या (नेटवर्क केबलच्या जॅकच्या) पिना हिरव्या पडतात, खासकरून शेडमध्ये, जिथे भिंत अर्धी आणि वरून पत्रा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एक जोडी खराब झाली की पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो, आणि मग सीआरसी एरर (पॅकेट वाटेत बिघडल्याची नोंद) चढायला लागतात. असं खराब झालेलं पॅकेट स्विच फेकून देतो, त्याला क्यूओएसच्या बापालाही वाचवता येत नाही. सेटिंगांत रात्री घालवण्याआधी प्रत्येक पोर्टचा वेग आणि एरर बघा. मी वेंगुर्ल्यात एका ठिकाणी गेले होते, तिथे सगळी सेटिंगं अचूक होती. जॅक बदलला आणि काम झालं.

आणि फ्लो कंट्रोल बंद करा हो कुणीतरी. ८०२.३एक्सचा पॉज, म्हणजे पलीकडून 'थांब' असा निरोप, आला की स्विच त्या पोर्टवरचं सगळंच थांबवतो, त्यात आवाजही थांबतो.

वरचीवाडी

@मीठाचा_खडा, शेडमधल्या एका कॅमेऱ्याच्या पोर्टवर एरर आहेत, भरपूर. फोनच्या पोर्टवर शून्य. कॅमेऱ्याचा जॅक उद्या बदलते. फ्लो कंट्रोल दोन्हीकडे ऑन होतं, बंद केलं.

फोनच्या सेटिंगमध्ये टीओएस असा रकाना आहे, तिथे १८४ दिसतंय. ४६ करू का?

कंदील

नको! १८४ बरोबर आहे. डीएससीपी सहा बिटांचा, तो ज्यात बसतो तो टीओएसचा बाइट आठ बिटांचा. खालचे दोन बिट सोडले की ४६ × ४ = १८४. तुम्ही टीओएसमध्ये ४६ लिहिलंत तर पलीकडे ११ वाचला जाईल आणि फोन साध्या रांगेत जाऊन बसेल. खात्री हवी असेल तर ब्रिजच्या पोर्टचं मिररिंग (तिथल्या रहदारीची नक्कल) एका लॅपटॉपवर घ्या, वायरशार्क या पॅकेट बघायच्या प्रोग्रॅममध्ये आरटीपीचं, म्हणजे आवाजाचं, एक पॅकेट उघडा, 'डिफरन्शिएटेड सर्व्हिसेस' च्या ओळीत ईएफ दिसायला हवं.

लाल_माती

ब्रिजबद्दल राहिलं. शेडचा स्विच ब्रिजला १०० एमबीपीएसने देतो, पण हवेतून तेवढं जात नाही, शिवाय मध्ये कलमांची पालवी. म्हणजे इथेही रांग स्विचमध्ये न लागता ब्रिजच्या आत लागते. ८०-१०० ची उडी तिथली. युक्ती तीच: शेडच्या स्विचच्या ब्रिजकडच्या पोर्टला मर्यादा घाला. हवेतला खरा वेग मोजा, त्याच्या ८० टक्के ठेवा, कारण हवेतला वेग फायबरसारखा एका जागी राहत नाही.

आणि ब्रिजमध्ये डीएससीपीचा वायफाय वर्गाशी मॅप असेल तर बघा. बरीच यंत्रं फक्त वरचे तीन बिट वाचतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि वायफायमध्ये ५ हा व्हिडिओचा वर्ग आहे. आवाजाला ६ हवा. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजात हाच जोड सुचवलाय. बदलता आला तर बदला, नाही आला तरी कॅमेरे शून्यावर आणल्यामुळे फोन त्यांच्या पुढेच राहील.

नारळपाणी

पाहुण्यांच्या व्हिडिओ मीटिंगांचं काय? हल्ली लॅपटॉप घेऊनच येतात लोक, समुद्रासमोर बसून टीम्सवर बोलतात.

कंदील

विंडोजवरचं टीम्स कंपनीच्या पॉलिसीशिवाय सहसा डीएससीपी लिहीत नाही, आणि पाहुण्यांचा पोर्ट आपण अनट्रस्टेडच ठेवलाय. वाटलं तर यूडीपी ३४७८ ते ३४८१ या पोर्टांकडे जाणारी रहदारी एसीएलने (स्विचमधली गाळणी) ओळखून मधल्या रांगेत टाकता येते. मी स्वतः नसतं केलं. बॅकअप मागे गेला की मीटिंगांना पुरेशी जागा आहे.

ज्यांच्याकडे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर आहे त्यांनी हे सगळं स्विचवर करण्यापेक्षा त्याच्यावर 'केक' ही रांग सांभाळायची पद्धत लावावी. मर्यादा तीच, पण कुणा एकाने लाइन खाऊ नये याची वाटणी तो आपोआप करतो, आणि डाउनलोडलाही चालतो.

वरचीवाडी

सगळं झालं. डब्याकडचा पोर्ट १०० वर बांधून १८ टक्के. क्लाउडला सब स्ट्रीम. पाहुणे वेगळ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर. ट्रस्ट फक्त फोन आणि ब्रिजच्या पोर्टांवर. मॅप बघितला: ४६ वरच्या रांगेत होताच, ८ मात्र शून्याबरोबर पडत होता, तो खाली हलवला.

मुद्दाम संध्याकाळी मेन स्ट्रीमचा बॅकअप पुन्हा चालू करून बघितला. डब्याकडच्या पोर्टवर खालच्या रांगेत ड्रॉप धडाधड वाढत गेले, आवाजाच्या रांगेत शून्य. बाहेरचा पिंग ३० च्या आसपास. भाऊजींनी शेडमधून मुंबईच्या गिऱ्हाइकाशी बोलून घेतलं, एकदाही "हॅलो, हॅलो" नाही. मग बॅकअप परत सब स्ट्रीमवर आणला.

ब्रिज मात्र अजून मोजायचा आहे, तूर्त अंदाजाने ४० ठेवलाय.

मीठाचा_खडा

कॉन्फिग सेव्ह केलंय ना? अप्लाय वेगळं आणि सेव्ह वेगळं. वीज गेली की अप्लाय केलेलं उडतं, आणि आपल्याकडे वीज जायला वळवाची एक सर पुरते.

वरचीवाडी

केलं, आणि दोन्ही स्विचची फाइलही उतरवून ठेवली.

लाल_माती

ब्रिज आता एकदा मोजा आणि जूनमध्ये पुन्हा. ५ गिगाहर्ट्झला नुसता पाऊस फारसा त्रास देत नाही, ओली पानं देतात. तेव्हा ४० चे २५ करावे लागतील कदाचित. हवेतून मुख्यतः २४ चे कॅमेरे आणि फोन एवढंच जातं, तेही बसेनासं झालं तर शेडच्या कॅमेऱ्यांचा फ्रेमरेट कमी करा, सीझन संपल्यावर शेडमध्ये बघायला तसंही काही नसतं.